पायरीवरची चार मिनिटं

मित्रांनो, त्या शनिवारी बाबांनी नेहमीसारखा जुन्या बनियनचा तुकडा घेतला आणि कपाटाचे खण पुसायला सुरुवात केली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. सगळ्यांत आधी माझा नंबर. त्यांनी माझी पाठ पुसली, पोट पुसलं, कडेवर जरा बोट फिरवलं आणि मला परत जागेवर उभं केलं. मग फोन लावला.

"अगं, मनगट्याचा नवा संच येतोय. चारही भाग. मूळ प्रिंटवरून केलाय म्हणे. मंगळवारी घरी येईल."

फोन कपाटाला खेटूनच असतो, त्यामुळे पलीकडचं बोलणंही मला ऐकू येतं. लेक म्हणाली, "पंधरावा ना हा, बाबा? तोच माणूस, तोच पूल. आता तो पूलसुद्धा कंटाळला असेल."

बाबा हसले. "या वेळी तू ये बघायला."

"बघते. या आठवड्यात ऑफिसात मरणाचं काम आहे. उद्या फोन करते, चालेल?"

"चालेल की. मी कुठे पळून जातोय?"

रविवारी फोन वाजत राहिला. उचलायला कोणी नव्हतं.

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात जवळजवळ पाव किलोमीटर लांबीची काळी फीत गुंडाळलेली आहे आणि त्या फितीवर मनगट्याच्या चित्रपटमालेचा दुसरा भाग आहे. मनगट्या हे नाव बाबांनी ठेवलेलं. पोलादी मनगटांचा तो वीर शेवटी कोसळणारा पूल दोन्ही हातांवर तोलून धरतो आणि माणसं पळत पलीकडे जातात. ते सगळ्यांनाच आवडायचं. पण माझ्यात त्यापुढेही चार मिनिटं होती. सगळे निघून गेल्यावर मनगट्या एका घराच्या पायरीवर बसतो. एक म्हातारी बाहेर येते, त्याला पाण्याचा पेला देते आणि विचारते, "दमलास का रे?" तो नुसतं पाणी पितो.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लेकीची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात दोघंच. रविवारी दुपारी मला लावायचे आणि ती पायरी आली की लेक तांब्या घेऊन उभी राहायची. "दमलास का रे?" असं म्हातारीच्या आवाजात विचारायची. ग्रीसचे डाग न गेलेल्या हातांनी बाबा तांब्या घ्यायचे आणि घटाघटा पाणी प्यायचे. मित्रांनो, मी खोटं सांगत नाही, ते सुख मला नंतर कधी मिळालं नाही.

लेक चौथीत असताना ती चूक झाली. माझ्या कडेला एक छोटा चौकोनी खड्डा आहे. तो मोकळा असला की माझ्यावर नवं काही उमटत नाही. बुजवला की उमटतं. जुन्या, नकोशा कॅसेटचा खड्डा कागद चिकटवून बुजवायचा आणि टीव्हीवरचा कार्यक्रम तिच्यावर उतरवायचा, हे तिनं बाबांकडून पाहिलेलं. त्या दिवशी बाबा कामावर होते. सहा वाजता बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा होता. सकाळी बाबांना उशीर झाला म्हणून मला पायरीच्या अलीकडेच थांबवलं होतं, आणि मी माझ्या खोक्याबाहेर, एका रद्दी कॅसेटच्या शेजारी पडले होते. दोघी काळ्या, दोघी सारख्या. पोरीनं घाईत वहीचं लेबल फाडलं, अर्धं माझ्या कडेवर चिकटवलं आणि बटण दाबलं.

चार मिनिटांनी रद्दी कॅसेट टेबलावरच दिसली, तेव्हा तिला कळलं. तिनं लेबल नखानं ओढून पाहिलं. निघेना. मग मला खोक्यात कोंबलं आणि गृहपाठाला बसली. एक अक्षर लिहिलं नाही.

रविवारी मनगट्यानं पूल तोलला आणि पुढच्या क्षणी एक कापडी ससा दात कसे घासायचे ते सांगू लागला. लेक गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हातात तांब्या होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वायरी उलट्या लागल्या असतील. माझ्याकडूनच काहीतरी चुकलं." लेकीनं तांब्या आत नेऊन ठेवला.

ती खेळायला गेल्यावर बाबांनी मला बाहेर काढलं. कडेवरचं लेबल पाहिलं. त्यावर वाकड्या अक्षरांत "इयत्ता चौ" एवढंच उरलं होतं. त्यांनी ते काढून टाकलं नाही. उलट, ते कधी सुटू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि अंगठ्यानं नीट दाबली. लिफ्टच्या खोलीत दुरुस्तीचं कार्ड लटकवलेलं असतं ना, तसं एक कोरं कार्ड त्यांनी पिशवीतून काढलं. बिघाड: पायरीची चार मिनिटं गेली. उपाय: दुसरी प्रत शोधणे. मधला "कारण" हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. कार्डाची घडी माझ्या खोक्यात, माझ्याखाली सरकवली.

तेव्हापासून शोध सुरू झाला. माझ्या जातीच्या कॅसेट थोड्याच निघाल्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांतून पायरी कापून टाकलेली. तिथं फार संथ होतं म्हणे! तरी नवी आवृत्ती आली की बाबा घ्यायचे. मोठ्या खोक्यातली कॅसेट, मग सीडीच्या चकत्या, मग पत्र्याच्या डब्यातला संच, मग पोस्टर असलेला. प्रत्येक वेळी नीट बसून दुसरा भाग पाहायचे आणि खोक्यात कार्ड टाकायचे. "तपासलं. पूल आहे. पायरी नाही." खाली तारीख.

दरम्यान मला चालवणारं यंत्र बिघडलं. त्याचे भाग मिळेनात. एकोणीस वर्षं माझी फीत एका बाजूला गुंडाळून पडली आहे. लेक नोकरीला दुसऱ्या गावी गेली. सणासमारंभाला यायची, चार शब्द बोलायची, कपाटाकडे पाठ करून बसायची. तिला वाटायचं, बाबांना कसलाच पत्ता नाही. बाबांना वाटायचं, रिकाम्या हातानं विषय कसा काढायचा? आणि मी दोघांमध्ये, सगळं ठाऊक असून मुकी.

बाबांशी गप्पा मारायला यायचा तो एकटा कॅसेटवाला. आता तो चकत्या विकतो, पण नाव तेच राहिलं. एकदा नवा संच देताना तो म्हणाला, "मिस्त्री, एवढ्या वेळा तर मी माझ्या लग्नाची कॅसेटसुद्धा पाहिली नाही."

"तू कशाला पाहशील? तुला पुढचं सगळं माहीत आहे."

कॅसेटवाला खो खो हसला. मग म्हणाला, "बरं, ती पायरी सापडली तर करणार काय?"

"पोरीला बोलावणार. शेजारी बसवून म्हणणार, बघ, काहीच हरवलेलं नव्हतं."

"मग आताच सांगून टाका की, मला ठाऊक आहे म्हणून."

बाबांनी खोक्याची कड पुसली. "कधी कुणाची लिफ्ट बंद पडली तर मी आधी दार उघडायचो, मग बोलायचो. नुसतं बाहेरून बोलून आतल्या माणसाचा जीव थोडाच सुटतो?"

असे होते बाबा. त्यांचं मला पटायचं. पण मित्रांनो, आता वाटतं, दार उघडेपर्यंत बाहेरून एक हाक तरी मारायला हवी होती.

बाबा गेल्यावर त्याच मंगळवारी लेक कपाट आवरायला बसली. नातेवाईक निघून गेले होते. बाबांची खुर्ची होती तिथंच, उशीला पाठीचा खळगा पडलेला. तिनं रिकामी खोकी पसरली आणि सुरुवात माझ्यापासून केली. मला उचललं आणि खालचं कार्ड जमिनीवर पडलं.

तिनं ते वाचलं. मग भराभरा बाकीचे चौदा संच उघडले. पूल आहे, पायरी नाही. पूल आहे, पायरी नाही. तारखांमागून तारखा. एका तारखेपाशी ती थांबली. तो तिचा वाढदिवस होता. शेवटी तिनं मला उजेडात धरलं. पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली तिचंच अक्षर होतं. पट्टीच्या कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटला होता.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. पार्सलवाल्यानं बाबांचं नाव घेऊन विचारलं, "आहेत का?" ती म्हणाली, "मी मुलगी त्यांची. द्या माझ्याकडे."

तिनं नवा संच लावला. माझ्याजवळच, जमिनीवर बसून पाहिला. पूल आला. माणसं पलीकडे गेली. तिनं गुडघे पोटाशी घेतले. मग पडदा शांत झाला आणि मनगट्या चालत चालत एका पायरीशी आला. म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात पेला होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या कॅसेटना ओल लागू देऊ नका, उन्हात टाकू नका, वर्षातून एकदा तरी फडक्यानं पुसा. आमच्यासाठी मागणं एवढंच. पण आपल्या माणसाशी जे बोलायचं राहिलंय ते आमच्यासारखं खोक्यात घालून ठेवू नका. पलीकडून फोन उचलला जातोय, तोवर बोला.

पडदा काळा झाला तरी ती उठली नाही. बऱ्याच वेळानं तिनं बाबांच्या पिशवीतलं एक कोरं कार्ड घेतलं. "तपासलं. पूल आहे. पायरी आहे." तारीख घातली आणि नव्या संचात ठेवलं. मग माझं जुनं कार्ड मांडीवर उलगडलं. मधल्या कोऱ्या रकान्यावर पेन टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. पेन खाली ठेवलं. आत जाऊन तांब्या भरून आणला. खुर्चीसमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, ती चार मिनिटं मी पुसली होती."

खुर्चीवर ऊन आलं होतं. तिनं तांब्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि अगदी हळू विचारलं,

"दमलात का हो?"