गुळगुळीत देठ

मित्रांनो, मी एक जुना वाफा आहे. दक्षिण कोरियात समुद्राकाठच्या एका गावात, ओकबुन आजींच्या दारासमोर मी पसरलो आहे. भातलावणी संपली की माझ्यावर सिमेंट ओतायला माणूस येणार आहे, म्हणून सांगायचे ते आताच सांगून टाकतो.

आजी लग्न होऊन आल्या तेव्हा आजोबांनी किनाऱ्यावरचे गोटे आणून माझी कड बांधली. रोपांवर खर्च करायची ऐपत नव्हती आणि तशी गरजही पडली नाही. शेजारणीकडून मूठभर बी यायचे, आमच्याकडून मूठभर जायचे. तेरडा, कोंबडा, चिनी गुलाब. लाड कुणाचेच नाहीत, तरी दरवर्षी आपले आपण उगवायचे. तेरड्याने साप लांब राहतो म्हणून तो चटणी-लोणच्याच्या रांजणांच्या बाजूला. त्याची फुले ठेचून पोरी नखांवर बांधायच्या. तुमच्याकडे म्हणे तेरड्याचा रंग तीन दिवस. आमच्या पोरींना तो पहिला बर्फ पडेपर्यंत टिकायला हवा असतो, म्हणजे पहिले प्रेम फळते म्हणे. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि मी उगीच फुगायचो.

मग आजोबा गेले. आजींचे गुडघे धरले आणि माझ्यात तण माजले. लेक सुग्यंग शहरातून आली की कुरकुरायची.

"आई, दिवसभर खुरपत बसतेस आणि रात्रभर कण्हतेस. सिमेंट करून टाकू. झाडलं की झालं."

"दारात फूल नसलं की घर रिकामं वाटतं. गावात रिकामी घरं कमी आहेत का?"

शेवटी शेजारच्या पिलन्योबाई कागदाच्या पुडीत थोडे बी घेऊन आल्या.

"हे टाक गं ताई. पाणी मागत नाही, खत मागत नाही, सुनेसारखं रुसत नाही. शिवाय पोटदुखीला आमची सासू हेच द्यायची."

फुकटचे आणि बिनकष्टाचे. आजींनी थंडीआधी ते माझ्यात टाकले आणि वसंतात मी लालभडक झालो. कितीतरी वर्षांनी लोक माझ्यापुढे थांबू लागले.

या दिवसांत सरपंच गावच्या भोंग्यावरून दरवर्षी बजावतात, की अफू कुणी लावू नका. आजींना ऐकू कमी येते. एका सकाळी पोलीस आले.

"आजी, ही अफू आहे."

"अरे बाळा, मी तर फुलं लावली."

"मला कळतं हो, पण बंदी आहे. शोभेची जी असते ना, तिच्या देठाला लव असते. हा बघा, गुळगुळीत. हात लावून बघा."

त्यांनी सगळी रोपे उपटून नेली आणि आजींना समज देऊन सोडले. पिलन्योबाई दार लावून आत बसल्या होत्या.

तेव्हापासून आजी रोज माझ्यापाशी बसतात आणि प्रत्येक कोंबावरून बोट फिरवतात. गुळगुळीत लागला की उपटला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, कारण तेरड्याचा देठही गुळगुळीतच असतो. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते मी अंगावर सोसले.

एक दिवस पिलन्योबाईंना राहवले नाही. त्या कुंपणापाशी आल्या.

"ताई, अगं सगळा तेरडा उपटलास की."

आजींनी ओंजळीतली रोपे डोळ्यांजवळ धरली.

"जन्मभर लावला मी हा," त्या म्हणाल्या. "मला ओळखू आला नाही गं."

दुपारी त्यांनीच सुग्यंगला फोन केला. "टाक बाई सिमेंट. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मित्रांनो, सिमेंटची मला भीती आहेच, पण त्याहून वाईट त्या वाक्याचे वाटते. रोप स्वस्त असावे, सोपे असावे, पण ते कशाचे आहे हे आधी विचारून घ्यावे. आणि तुमच्या घरचे एखादे म्हातारे माणूस असे मातीत चाचपडताना दिसले, तर त्याच्या हातचे खुरपे काढून घेऊ नका. शेजारी उकिडवे बसा आणि विचारा, "आजी, हे कशाचं रोप?"

आमच्या आजींना ते अजून कुणी विचारलेले नाही.