अकरा मिनिटं चालणारी मोटर

पहिल्या रविवारी मोटर अकरा मिनिटं चालली. मी घड्याळ लावून बसले होते, म्हणून नक्की सांगते. मग ती दोनदा अडखळली, तिचा आवाज बारीक झाला आणि बोट जलाशयाच्या मधोमध गप्प उभी राहिली. बाबांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल होतं. झाकण लावून त्यांनी नळीवरचा रबरी फुगा चारदा दाबला, दोरी ओढली. मोटर लगेच सुरू झाली आणि बारा मिनिटांनी पुन्हा बंद पडली.

मोटर आठ हॉर्सपॉवरची, वयाने माझ्याहून मोठी. बालोद रोडवरच्या एका जलाशयावर मासेमारांची समिती आहे, तिची. समितीचे अध्यक्ष केवलराम यांनी काठावर उतरल्यावर सांगितलं, पुढच्या रविवारी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आली तर ठीक, नाही तर रायपूरच्या मेकॅनिकला देऊन टाकू. त्यांचंही बरोबर होतं. त्यांची माणसं महिनाभर वल्हं मारून जाळी टाकत होती.

बाबांना, म्हणजे टिकाराम मेश्राम यांना, भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होऊन चौदा महिने झाले होते. बत्तीस वर्षं ते कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांच्या, गॅस लाइनवर फिटर होते. रिटायर झाल्यावर तेरा महिने ते फर्स्ट शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि आमच्या भिलाई-३च्या घराच्या अंगणात नुसते बसून राहायचे. मोटर दुरुस्तीला घरी आली त्या दिवसापासून ते बसले नव्हते. ती परत गेली तर काय होईल, हे आईला आणि मला ठाऊक होतं. आम्ही ते बोलत नव्हतो इतकंच.

आई दुसरंच बोलायची.

"प्लांट सुटला, पण वास घरी घेऊन आले. पोळीलेही पेट्रोलचा वास येऊन राहिला."

"आता कुठी येते वास? टाकी पूर्ण पॅक केली ना म्या."

"मंग माह्यं नाकच खराब असन, बापा. त्याले पण पॅक करा एकदाचं."

त्या आठवड्यात नेहरू नगरमधले माझे केमिस्ट्रीचे क्लास संपले की मी घरी येऊन बाबांसोबत बसायचे. मोटर अडखळत बंद पडते आणि फुगा दाबला की चालू होते, म्हणजे ठिणगी ठीक आहे, पेट्रोल पोचत नाही, इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. मी वहीत पेट्रोलच्या रस्त्याचे तीन तुकडे केले: टाकीपासून फुग्यापर्यंत, फुग्यापासून पंपापर्यंत, पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत. बाबांनी शेवटून सुरुवात केली. कार्ब्युरेटर उघडून धुतला. पंपाचा पडदा कडक झाला होता, नवा बसवला. नळी बदलली, फिल्टर बदलला. मग मोटर पाण्याच्या ड्रममध्ये उभी करून मंद गतीवर चालवली. मी घड्याळ लावलं होतं, ती अर्धा तास चालली. बाबा मधूनमधून टाकी उघडून, बांबूची काडी बुडवून पेट्रोल पाहायचे आणि मान डोलवायचे.

"झाली तुही परीक्षा, दीक्षा?" ते म्हणाले.

"झाली. पास."

शनिवारी त्यांनी टाकी मानेपर्यंत भरली. पेट्रोल कमी पडलं असं कोणाला म्हणायला जागा नको.

रविवारी सकाळी मोटर गाडीत घालून जलाशयावर नेली; बोटीत आम्ही तिघं होतो. बाबा मोटरीजवळ, मी मधे टाकीपाशी, केवलराम पुढे. त्यांनी बिडी काढली तसे बाबा ओरडले, "भैया, पेट्रोल है! बुझाओ नहीं, जलाओ ही मत!" केवलराम यांनी निमूटपणे बिडी कानावर ठेवली.

मोटर चार मिनिटं चालली.

आवाज बारीक व्हायला लागला तेव्हा मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. बोट थांबली. पाणी बोटीच्या कडेला चुळचुळत होतं, दुसरा आवाज नव्हता.

"का होगे भइया?" केवलराम यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांनाही वाईट वाटत असावं.

"प्लग पाहतो," बाबा म्हणाले आणि पान्हा शोधू लागले.

सगळं नवं बसवल्यावर मोटर सुधारली नव्हती, बिघडली होती. अकराची चार मिनिटं झाली होती. पहिल्या रविवारपासून कार्ब्युरेटर, पंप, नळी, फिल्टर हे सगळं बदललं, आणि आणखी एक गोष्ट बदलली होती. तेव्हा टाकी पाऊण भरलेली होती, आज गच्च. जास्त पेट्रोल असताना मोटर लवकर उपाशी का मरेल? मी फुग्याकडे पाहिलं. तो चपटा होऊन आतल्या आत चिकटला होता, कोणी मुठीत धरल्यासारखा. आणि मूठ कोणाचीच नव्हती.

बाबांनी पान्हा ठेवला आणि सवयीने टाकीच्या झाकणाला हात घातला.

"बाबा, उघडू नका!"

"कावून?"

"फुग्याकडे पाहा आधी. आता हळू उघडा."

त्यांनी अर्धा फेरा दिला. टाकीने बाहेरची हवा आत ओढली, लांब, स्पष्ट, दीर्घ श्वास घेतल्यासारखी. आणि चपटा फुगा कोणी हात न लावता फुगला.

पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. आली नाही तर टाकीत ताण साठतो आणि पंप हरतो. गच्च टाकीत हवेची जागा एक लिटर, पाऊण टाकीत तीन. एक लिटरमध्ये ताण तिप्पट लवकर चढतो. पेट्रोलची वाफ असल्यामुळे हिशोब इतका सरळ नाही, पण चार आणि अकरा त्यात बसत होते. ड्रमवर मोटर का चालली, तेही आता कळलं. मोटर मंद होती आणि बाबा दर पाच मिनिटांनी झाकण उघडत होते. मी आठवडाभर मिनिटं मोजली, पण झाकण उघडणं वहीत एकदाही लिहिलं नव्हतं.

झाकण बाबांच्या हातात होतं. मधोमध एम-सीलचा राखाडी, गुळगुळीत ठिपका होता. छान घासून बसवलेला. मोटर घरी आल्याआल्या वास बंद करायला त्यांनी ते तुटलेल्या स्क्रूचं भोक समजून बुजवलं होतं. टाकीच्या श्वासाचं तेच भोक होतं.

"का रहिस, नोनी?" काय होतं, पोरी, असं केवलराम यांनी मला विचारलं.

कचरा अडकला होता, असं सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबाच बोलले.

"मैंने ही बंद किया था. हवा का छेद." मग माझ्याकडे वळून, "बत्तीस साल एकच काम केलं वो. कुठून काही बाहेर येऊन राहिलं का पाह्य, अन् बंद कर. आत काही जाऊ द्या लागते, हे कोणी सांगतलंच नाई."

केवलराम यांनी झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग इतके हसले की बोट हलली. "मोर सारा हा नवा डोंगा मं पानी निकाले बर छेद करे रहिस, भइया! तैं तो बंद करे हस!" नव्या होडीतलं पाणी काढायला होडीलाच भोक पाडणारा मेहुणा डोळ्यांसमोर आला आणि आधी मी, मग बाबाही हसले.

एम-सील दगडासारखं झालं होतं. चाकूने निघेना. शेवटी झाकण एक आटा ढिलं ठेवलं, मी टाकी दोन्ही पायांत धरली आणि पाणी उडू नये म्हणून वर ओढणी आडवी धरली. बाबांनी दोरी ओढली.

चार मिनिटं झाली. मी सांगितलं नाही. अकरा झाली. मग बाबांनीच विचारलं, "किती झाले?"

"तेरा."

पलीकडचा काठ आला, केवलराम यांनी उतरून तिथल्या दगडाला हात लावला, जणू साक्षीला, आणि आम्ही परत निघालो. बाबांनी गती थोडी वाढवली. गरज नव्हती.

काठावर आल्यावर केवलराम आम्हाला समितीच्या खोलीत घेऊन गेले. कोपऱ्यात फाटकी जाळी पडली होती. त्यांनी ती उचलली. खाली दुसरी मोटर होती, धुळीने माखलेली, तिच्या पात्याला वाळलेलं गवत गुंडाळलेलं.

"छै बछर ले बंद हे." सहा वर्षं ती कोणी चालवली नव्हती.

बाबा उकिडवे बसले. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, त्याचं भान नव्हतं. त्यांनी दोरी हळूच ओढली, आतलं काहीतरी जड सरकलं, आणि त्यांनी मान वर केली.

"जाम नाई. दीक्षा, गाडीची मागची सीट पाड."