घरचा पालपिट्टा

सुशीलाबाईंनी पालपिट्टा विकत घेतला तो खरं तर सोडून देण्यासाठीच. पालपिट्टा म्हणजे नीलपंख; दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ, म्हणून हैदराबादेत पिंजरेवाले तो घेऊन दारोदार फिरतात. बाईंनी दर्शन घेतलं, वर थोडं पुण्यही पदरात पडावं म्हणून पाखरूच घेतलं आणि हिमायतनगरच्या आपल्या गच्चीवरून आभाळात उधळलं. ते धपकन शेजारच्या पत्र्यावर पडलं. पंख कातरलेले होते. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलेल्या बाईला आधी पंख बघायचं सुचू नये!

त्याला वर्ष झालं. मागची खोली पाखराची झाली. खिडकीला जाळी, रोज ताजे नाकतोडे, महिन्याला डॉक्टर. दुपारी बाई तिथेच आरामखुर्चीत पडत. डोळे अर्धवट मिटले की खोलीभर निळाई संथ वाहू लागे, आणि आपण झोपलोय की तरंगतोय हे त्यांना उमगत नसे. यजमान गेल्यापासून इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

नवी पिसं आली. जनावरांच्या दवाखान्यात काम करणारी भाची शर्वरी दसऱ्याच्या सकाळी आली, पंख तपासले आणि म्हणाली, "आत्या, आता सोड त्याला."

"का? इथे काय कमी आहे? ना मांजर, ना घार. बाहेर जगेल तरी का?"

"माहीत नाही."

"मग?"

"त्याचं जगणं त्याचं आहे, आत्या. तू कितीही लाड केलेस तरी ते तुझं होत नाही."

बाईंना असा राग आला की त्यांनी भाचीला चहासुद्धा विचारला नाही. तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे हिम्मतराव नवे कपडे घालून सहकुटुंब दारात उभे होते.

"बाई, पालपिट्टा दाखवा की! घरचाच हाये, भाईर जाना नक्को!"

बाईंनी कौतुकाने पाखरू हातावर आणलं, उंच धरलं. सगळ्यांनी हात जोडले. पिंजरेवाल्याने अगदी अस्साच हात उंच केला होता, हे बाईंना आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या तशाच मागच्या खोलीत गेल्या. जाळी काढली. पाखरू चौकटीवर बसलं, मान वळवून बाहेर बघत राहिलं. नको जाऊस, बाई मनात म्हणत होत्या. मग पंख उघडले, आणि इतकी निळाई त्यात होती हे वर्षभरात त्यांना दिसलंच नव्हतं. तारा ओलांडून, छपरं ओलांडून ते गेलं.

"परत येईल ना?" मागोमाग आलेल्या हिम्मतरावांनी हळूच विचारलं.

"येऊ नये," बाई म्हणाल्या, आणि शर्वरीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या.