काचेतला नमुना

टाचणीच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानाला एक काच होती. काचेत कायम एक झगा टांगलेला असायचा. तो विकायचा नाही, कुणी अंगाला लावून बघायचा नाही, नुसता दाखवायचा. आई त्याला नमुना म्हणायची. हंगाम संपला की नमुना खाली उतरायचा, तेव्हा त्यावरची लाल फुलं पार विटलेली असायची आणि निळी पानं जशीच्या तशी. एकाच उन्हात टांगलेल्या दोन रंगांत असा दुजाभाव का, हे मुलगी लहानपणापासून विचारत आली होती. "मला काय विचारतेस, उन्हाला विचार," आई तोंडात टाचण्या धरूनच म्हणायची. मुलगी अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिचंही नाव टाचणीच पडलं.

कॉलेजात गेल्यावर टाचणीने उन्हाला खरंच विचारायचं ठरवलं. एका मोठ्या संशोधन संस्थेने 'अल्प-प्रतिनिधित्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन संधी' जाहीर केली होती. टाचणीने अर्जात लाल फुलं आणि निळी पानं लिहून पाठवली, आणि तिची निवड झाली.

"अल्प-प्रति... म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

"म्हणजे आपल्यासारखी माणसं तिथे फारशी दिसत नाहीत."

"मग तू गेलीस की दिसशील," आई म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली.

संस्थेत रंगांवर काम करणारी एक प्रयोगशाळा होती, आणि त्या प्रयोगशाळेत ऊनपेटी होती. कपाटाएवढी पेटी, आत जबरदस्त दिवा. अख्ख्या उन्हाळ्याचं ऊन ती काही दिवसांत पाडायची. टाचणीने दुकानातल्या चिंध्या डब्यात भरून आणल्या होत्या, त्या तिला त्या पेटीत ठेवायच्या होत्या. बाकी काही नको होतं. शेवटी प्रत्येकाने आपलं काम सादर करायचं आणि ज्याचं काम उजवं ठरेल त्याला वर्षभर प्रयोगशाळेत येता येईल, असं माहितीपत्रकात छापलं होतं. टाचणीने ते वाक्य इतक्यांदा वाचलं होतं की तिथे कागद मऊ पडला होता.

पण संशोधनाची एवढी घाई बरी नव्हे. आधी स्वागत झालं. मग आत्मविश्वासाची कार्यशाळा झाली, तिच्यात सगळ्यांनी डोळे मिटून स्वतःला शास्त्रज्ञ म्हणून पाहिलं. मिटल्या डोळ्यांनी बघायला संस्थेची काहीच हरकत नव्हती. मग फोटो निघाले. टाचणीला एक पांढरा कोट चढवला, हातात काचेचा चंबू दिला. रिकामा चंबू बरा दिसेना, म्हणून फोटोवाल्याने त्यात जांभळं पाणी भरलं.

"हे काय आहे?" टाचणीने विचारलं.

"संशोधन," फोटोवाला म्हणाला. "जरा कुतूहलाने बघ."

या सगळ्याच्या समन्वयक बाई मायेने ओतप्रोत होत्या. त्या दर आठवड्याला मुलाखत घ्यायच्या.

"इथे तुला आपलंसं वाटतं का? एक ते पाच?"

"मॅडम, ऊनपेटीजवळ उभं केलंत तर वाटेल."

"त्याला रकाना नाही गं," बाई हळहळल्या. "आणि पेटीची वेळ आधीच भरलेली असते. तू आधी इथे रुळ तर."

रंगांच्या सरांना गाठलं तर ते खूश व्हायचे. "अरे वा, लाल फुलंवाली ना? ये ना उद्या." त्यांचा उद्या कधी उगवलाच नाही. सर वाईट नव्हते. त्यांना एवढंच ठाऊक होतं की ही मुलं बाईंची आहेत, आणि बाईंना एवढंच ठाऊक होतं की पेटी सरांची आहे.

संधी अशी भराभर निसटत चालली होती आणि डबा अजून उघडलाही नव्हता. टाचणी वैतागून प्रवेशदारापाशी बसली असताना तिचं लक्ष काचेच्या चौकटींकडे गेलं. तिथे मागच्या तीन उन्हाळ्यांच्या 'संधी'ची पोस्टरं शेजारी शेजारी लावलेली होती, समोरून दिवसभर ऊन. गेल्या वर्षीची मुलं जरा निस्तेज झाली होती. त्याआधीची आजाऱ्यासारखी पांढुरकी होती. सगळ्यात जुनी तर निळीशार पडली होती. टाचणी ताडकन उठली. तोच कागद, तीच शाई, तीच काच, फक्त उन्हाळे कमीजास्त. संस्थेने नकळत तिचाच प्रयोग मांडून ठेवला होता.

रंग मोजायचं हातातलं छोटं यंत्र तिने सरांकडे मागितलं, त्यांनी ते मान वर न करता दिलं. चौकटींची किल्ली बाईंकडे मागितली. मुलगी जुन्या मुलांशी नातं जोडते आहे, असं वाटून बाईंचे डोळे भरून आले. टाचणीने चौकट उघडली. चौकटीच्या लाकडाखाली दबलेल्या कडेला ऊन पोचलं नव्हतं. तिथे लाल रंग काल छापल्यासारखा ताजा होता. हाच तर पडताळा! तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

सादरीकरणाला संचालक आणि पाहुणे आले. बाकीच्या मुलांनी 'माझा प्रवास' सांगितला, कारण सांगण्यासारखं तेवढंच घडलं होतं. टाचणीने मात्र आकडे मांडले.

"लाल सगळ्यात आधी उडतो," ती म्हणाली. "चेहऱ्यांत लाल जास्त असतो, म्हणून चेहरे आधी जातात. पांढरे कोट टिकतात. संस्थेचं नाव निळ्यात छापलंय. ते ठणठणीत आहे."

पाहुण्यांपैकी एका बाईंनी सहज विचारलं, "ही मुलं आता कुठे असतात?"

संचालकांनी समन्वयक बाईंकडे पाहिलं. "ती आमच्या हृदयात आहेत," बाई म्हणाल्या. प्रयोगशाळेत त्यांतलं कुणीच नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

संचालक मात्र भारावले. इतकं उपयोगी संशोधन त्यांनी पाहिलं नव्हतं. काचेला ऊन अडवणारी फिल्म लावायची आणि यंदाचं पोस्टर लगेच झळकवायचं, हे त्यांनी पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं. वर्षभराच्या जागेचा विचार तेवढा निधीअभावी पुढे ढकलण्यात आला.

शेवटच्या दिवशी आई लेकीला न्यायला आली. नव्या पोस्टरवर टाचणी सगळ्यांत पुढे होती, जांभळ्या पाण्याकडे कुतूहलाने बघत.

"दिसलीस बाई एकदाची," आई म्हणाली. मग जवळ गेली. "बाही बोटभर लांब आहे." मग तिचा आवाज खाली आला. "तुलाच नमुना करून टांगलं की गं यांनी."

टाचणीला रडू फुटलं. अपमानापेक्षा तिला संताप आला होता, आणि सगळ्यात जास्त राग त्या न उघडलेल्या डब्याचा आला होता. तिने तो उघडला, काळ्या कापडाची पट्टी काढली. चौकटीची किल्ली अजून तिच्याकडेच होती. "आई, इथे टाच," ती म्हणाली. आईने काही न विचारता पदराच्या टाचण्या काढून तोंडात धरल्या आणि पोस्टरवरच्या लेकीचा अर्धा चेहरा झाकून टाकला.

बाई धावत आल्या. "अगं, हे काय? तोंड झाकतेस स्वतःचं?"

"अर्धंच, मॅडम. फिल्मने किती फरक पडतो ते कळायला नको? संचालकांनी पाहुण्यांना सांगितलंय."

गडबड ऐकून सर बाहेर आले. त्यांनी झाकलेला चेहरा बघितला, उघडा बघितला, आणि पहिल्यांदाच टाचणीकडे नीट बघितलं. "झाकलेला भाग तुलनेला. बरोबर. आणि पेटीत?"

"पेटीत याच कागदाचा तुकडा ठेवावा लागेल, सर. दर महिन्याला दोन्हीकडे मोजायला लागेल."

"लागेलच," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणी मोजून चालायचं नाही, हात बदलला की आकडा बदलतो."

"पण हिचा पास आज संपतोय," बाई म्हणाल्या.

सरांनी नवा पास मागवला, खिशातून पेन काढलं आणि मुदतीच्या रकान्यापाशी अडले. "काय लिहू? किती दिवस?"

टाचणी आकडा काढायला लागली, पण आईने उरलेल्या टाचण्या तोंडातून काढल्या आणि तीच बोलली.

"रंग उडेपर्यंत."

सरांनी तसंच लिहिलं.