दगड कुठल्या बाजूला आहे?

फिरती खुर्ची मागे ढकलून ती पुन्हा पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर नुसती खरखर होती. मधोमध एक उभी रेघ उमटायला हवी होती, तिचा मागमूस नव्हता.

"काहीच नाही?" ट्रान्समीटरवाल्या काकांनी दारातूनच विचारलं.

"काहीच नाही."

"माझं यंत्र ठणठणीत आहे हं ताई. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर सगळे माझ्याच नावाने खडे फोडतील."

काम तसं सरळ होतं. इथल्या अँटेनातून लघुग्रहाच्या दिशेने रेडिओलहरी सोडायच्या आणि त्याच्यावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टेकडीपलीकडच्या दुसऱ्या अँटेनाने पकडायचा; तो आला की पडद्यावर रेघ उमटते. त्यासाठी रात्रही लागत नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, पार्किंगमधल्या गाड्या तापल्या होत्या. तो दगड पृथ्वीपासून चंद्राच्या दुप्पट अंतरावरून चालला होता आणि दुपार कलताना तो क्षितिजाखाली जाणार होता. अँटेना कुठे वळवायच्या त्या दिशांची फाइल तिनेच केली होती. सर परदेशी गेल्यामुळे आज सगळा कारभार तिच्यावर होता. पण तिचं लक्ष सारखं फोनकडे जात होतं ते त्यामुळे नाही.

फोन वाजला. धाकटी बहीण.

"तुझी लेक न्हाणीघरात कडी लावून बसलीय. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. सरळ 'नाही पडणार' म्हणून सांगायला तुझी जीभ झिजली असती का गं?"

"या वेळी नाही पडणार, हे सांगितलंय मी तिला."

"आणि तिने पुढच्या वेळचं विचारलं, तर म्हणे मोजून सांगते! सात वर्षांच्या पोरीला!"

किडूक, म्हणजे तिची लेक, तिच्याएवढ्या वयाची होईल तेव्हा हा दगड परत येणार, याहून जास्त तिला काल खरोखरच माहीत नव्हतं. तो सापडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. आज अंतर नीट मोजलं गेलं, तरच पुढच्या फेरीचं खात्रीने बोलता येणार होतं. न मोजलेलं बोलायची तिला सवय नव्हती, आणि हे किडूकला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती कडी लावून बसली होती.

"तिला दे फोन."

दारावर थापा, कुजबुज, कडीचा आवाज, पुन्हा कडीचा आवाज.

"आई, तो आत्ता कुठल्या बाजूला आहे?"

"कशाला?"

"मी दुसऱ्या बाजूच्या खोलीत बसते."

तिला हसू आलं, पण हसण्याची वेळ नव्हती. "नैऋत्येला. बराच वर."

"आपल्या घरून पण तिथेच?"

"साधारण तिथेच. थोडा सरकलेला. तो इतका जवळ आहे ना, की आपण जिथे उभे असू त्याप्रमाणे…"

ती बोलायची थांबली.

"आई?"

"किडूक, थांब. करते मी फोन."

तिने फाइल उघडली. पहिल्याच ओळीत निरीक्षणाची जागा लिहिलेली होती: पृथ्वीचा मध्य. आजवर त्यांनी मोजलेले सगळे लघुग्रह फार दूरचे. मध्यातून पाहा नाहीतर अँटेनापाशी उभं राहून पाहा, फरक नगण्य. म्हणून वर्षानुवर्षं ती जुनीच ओळ पुढच्या फाइलीत जात राहिली. या पाहुण्याच्या बाबतीत मात्र तोच फरक आकाशात जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा रुंद होता. सकाळपासून ते रिकाम्या आकाशात लहरी सोडत होते.

"काका, तुमचं यंत्र निर्दोष. घोळ माझा आहे."

"हे जरा सरांसमोर म्हणा," काका म्हणाले आणि धावतच आपल्या खोलीत गेले.

जागा बदलली, नव्या दिशा काढल्या. दोन्ही अँटेना किरकिरत वळल्या, अगदी थोड्याशा. लहरी गेल्या. ती उभीच होती.  खरखर, खरखर, आणि मग मधोमध बारीक, पांढरी, स्वच्छ रेघ.

"आला!" काका आतून ओरडले.

तिने मान हलवली आणि अंतरं गणितात घातली. उत्तर आलं, तरी विश्वास बसेना. पुन्हा घातली. तेच उत्तर. मग फोन स्पीकरवर टाकून घरी लावला.

"मोजलंस?" किडूकने उचलताच विचारलं.

"मोजलं. तू माझ्याएवढी होशील तेव्हा तो येईल आणि लांबूनच जाईल. पडणार नाही."

"एवढा उशीर का लागला?"

"मी पृथ्वीच्या मध्यातून बघत होते."

"तिथे कोण राहतं?"

"कोणीच नाही."

"मग तिथून कशाला बघायचं?"

दारात येऊन उभे राहिलेले काका तोंडावर हात धरून हसले. 

"आणि त्याच्याही पुढच्या वेळी?" किडूक म्हणाली.

मागून बहिणीचा आवाज आला, "अगं बाई, आता तरी नाही म्हण!"

 "ते अजून माहीत नाही, किडूक."

पलीकडून मग कडी काढल्याचा आवाज.

"बरं," किडूक म्हणाली. "मावशी, जेवायला वाढ."

तिने फोन ठेवला. खिडकीबाहेर अँटेना तसूतसूने खाली झुकत चालली होती. तो दगड मावळायला अजून थोडा अवकाश होता. तिने खुर्ची पुन्हा मागे ढकलली.

"काका, सोडा परत."