आमच्या घरचं रक्त

"उठू नकोस. आधी माझा कोट घे," असं म्हणून पेन्का ट्रामच्या केबिनच्या दारात आडवी उभी राहिली.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली होती. झ्लातिनाने सीटवर मेणकापड घातलं होतं, तरी गणवेशाची पँट भिजलीच होती. पेन्काने मागून कोट तिच्या कमरेला बांधला.

"बाई आहेस की फुटका नळ गं? जा घरी. तुझी फेरी मी मारते. साहेबांना सांगते, पोट बिघडलंय."

"दर महिन्याला तेच सांगतेस. त्यांना वाटत असेल, मी शिळंच खाते."

दोघी हसल्या. मग झ्लातिना डेपोच्या भिंतीला धरून धरून घरी गेली.

सोफिया शहराच्या रुळांवर ट्राम चालवता चालवता तिने चाळिशी गाठली होती. दुखणं मात्र शाळेपासूनचं. "आमच्या घरचं रक्तच अवखळ," तिची आई त्रेन्दाफिला म्हणायची. "बायकांनी सोसायचं असतं." झ्लातिनाने सोसलं. तिशी उलटल्यावर एका डॉक्टरने त्या दुखण्याला नाव दिलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेरही वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर, आणि दर महिन्याला तिथेही रक्त साकळतं. आपण नाटकी नाही, एवढं कळल्यानेच तिला बरं वाटलं होतं. मात्र त्यानंतर तिच्या नाकातून रक्त येवो की हिरड्यांतून, कुणी वेगळं काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तेव्हा ऑपरेशन झालं. त्याच संध्याकाळी पोटात रक्त भरलं, पुन्हा पोट उघडावं लागलं, आणि एक अंडाशय गेलं. "टाका सुटला, होतं असं कधी कधी," सर्जन म्हणाले. मूल होण्याची आशा थोडीच उरली होती. तिचा नवरा मेतोदी स्पेनला गवंडीकामाला गेला. आधी त्याचे फोन यायचे, मग मुलगा झाल्याचा निरोप आला. झ्लातिना त्याच्यावर फारशी चिडली नाही. त्याला मूल हवं होतं. तिलाही हवं होतं.

आता उरलेल्या अंडाशयावर गाठ धरली होती. दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर यानाकिएवा तिच्या खाटेशी येऊन बसल्या.

"दात काढलाय कधी?"

"काढलाय ना. सकाळी उशी पिळायची वेळ आली होती. पण आमच्या घरी सगळ्यांचंच तसं."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं?"

"आईचं. मावशी तर बाळंतपणात गेली. रक्त थांबेचना."

"आणि मागच्या ऑपरेशनला?"

"तेव्हा टाका सुटला होता."

डॉक्टर तिच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्याचं ऑपरेशन रद्द. आधी रक्त तपासू."

"अहो, मी रजा टाकलीये!"

"रजा पुन्हा मिळेल हो."

तपासणीत सापडलं ते असं, की रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन तिच्या अंगात फार कमी होतं. तेही जन्मापासून, वारशाने आलेलं. एंडोमेट्रिओसिस होतंच. दोन दुखणी एकाच अंगात राहत होती आणि एकाच्या आड दुसरं लपलं होतं.

"म्हणजे तेव्हा टाका सुटलाच नव्हता?" झ्लातिनाने विचारलं.

"ते आज मला सांगता येणार नाही. पण हे आधी कळलं असतं, तर औषध देऊनच पोट उघडलं असतं."

झ्लातिनाने त्यांचे आभार मानले. खाली येऊन कोपऱ्यावर चीज भरलेली गरम बानित्सा घेतली आणि उभ्याउभ्याच सगळी संपवली.

ऑपरेशन औषधाच्या आधाराने झालं, काही विशेष न घडता. आराम करायला ती गावी आईकडे आली. त्रेन्दाफिला अंगणात मिरच्या भाजून सोलत होती.

"आई, हे तुझ्याकडून आलंय माझ्यात. नेदामावशीलाही तेच असणार."

"नेदाला स्तामेनानं मारलं," आई मान वर न करता म्हणाली. आयुष्यभर ती हे असंच म्हणत आली होती.

स्तामेना गावची दाई. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. नेदाच्या दफनाच्या दिवशी त्रेन्दाफिलाने चर्चच्या आवारात, सगळ्यांदेखत तिच्या तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्या हातांनी माझ्या बहिणीला खाल्लं." पुढे स्तामेनाला कुणी बोलावलं नाही. ती मेली तेव्हाही त्रेन्दाफिलाने खिडकी लावून घेतली. स्तामेनाची लेक राइना समोरून आली, तर अजूनही ती रस्ता बदलायची.

"तुझंही रक्त तपासून घेऊ," झ्लातिना म्हणाली.

"म्हातारीचं कसलं रक्त तपासता?"

त्यावर बोलणंच संपलं. पण मिरच्यांचा हंगाम सरला, तशी एका सकाळी त्रेन्दाफिला चांगला रुमाल डोक्याला बांधून दारात उभी राहिली. "चल. बस चुकेल."

तिच्याही रक्तात तेच निघालं.

परतताना बसमध्ये ती काचेबाहेर बघत होती. मग म्हणाली, "स्तामेना ओरडत होती. गाडी जुंपा, हिला शहरात न्या, म्हणत होती. आमचे बाबा म्हणाले, उजाडल्यावर बघू."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"बापाला कसं बोलणार? दाईला बोलले."

झ्लातिनाने तिचा हात धरला नाही. तिला धरावासा वाटला नाही.

नोव्हेंबरात पितरांचा शनिवार आला. गावच्या बायका उकडलेले गोड गहू, पाव, वाइन घेऊन कबरस्तानात जमल्या. मृताच्या नावाने घास द्यायचा, घेणाऱ्याने "देव क्षमा करो" म्हणायचं. नेदाच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाल्यावर त्रेन्दाफिलाने गव्हाचं भांडं उचललं आणि ती टोकाच्या कुंपणाकडे चालू लागली. तिथे राइना आईच्या कबरीवर वाइन शिंपडत होती. झ्लातिना पोट धरून सावकाश मागोमाग गेली.

राइनाने वर पाहिलं. त्रेन्दाफिलाने कागदी ताटलीत गहू वाढून पुढे धरले.

"नेदाच्या नावानं," ती म्हणाली. मग, "आणि स्तामेनाच्या. तिची चूक नव्हती. आमच्या रक्तातच होतं. तपासून आले मी."

राइनाने बाटली खाली ठेवली, पण ताटली घेतली नाही. "आता सांगतेस, त्रेन्दाफिला? आई खिडकीशी बसून असायची. कुणी बोलवायला येतंय का बघत."

त्रेन्दाफिलाचा हात तसाच पुढे राहिला.

राइना झ्लातिनाकडे वळली. "ही तुझी?"

"माझीच."

"तुलाही आहे का गं हे?"

"आहे."

"आणि तुझ्यामागे कुणाला?"

"कुणाला नाही. माझ्यापाशीच थांबलं."

राइनाने ताटली घेतली आणि आईच्या कबरीच्या दगडावर नीट ठेवली. मग आपल्या पिशवीतला पाव मोडून मोठा तुकडा झ्लातिनाच्या हातावर ठेवला. झ्लातिनाने तो रीतीप्रमाणे उभ्यानेच खाल्ला. पाव सुका होता, चावायला वेळ लागला. तोवर दोन्ही म्हाताऱ्या तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

"देव क्षमा करो," ती म्हणाली.