हं आणि अंहं

थोरलीच्या डाव्या हाताला माद्या, उजव्या हाताला नर. मधल्या टोपलीत कालच अंड्यातून निघालेली पिवळी पिल्लं. एक उचलायचं, उलटं धरायचं, अंगठ्यानं हलकंच दाबायचं, शेपटीखाली बघायचं आणि टाकायचं. डावीकडे पडलं ते जगलं. उजवीकडचा क्रेट मागच्या दारानं जायचा, आणि त्या दाराकडे तोंड करून कुणी बसत नसे.

उबवणीच्या खोलीला खिडकी नव्हती. पिल्लांना वारा नको, ऊब हवी. त्या उबेत थोरलीचं तारुण्य हळूहळू सुकलं होतं. आता दूरच्या गावी लेकीला बाळ झालं होतं, आणि थोरलीला तिकडे जायचं होतं, कायमचं. मालकीण म्हणाली, "जा ना! मी काय बांधून ठेवलंय? फक्त तुमच्या जागी एक हात बसवून जा."

म्हणून धाकटी जाऊ शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. ती टेम्पो चालवायला शिकत होती. लायसन्स हाती येणारच होतं. "चार दिवस बसते जाऊबाई, तुमची सुटका होईपर्यंत," ती म्हणाली. "मग मी आणि माझा टेम्पो. हॉर्न वाजवत जाईन."

"आधी पिल्लू नीट धर. स्टिअरिंग नाही ते."

"ओळखायचं कसं?"

"नराला बारीक मणी असतो."

"या दोघांनाही आहे की!"

"असतो कधी मादीलाही. पण तो वेगळा."

"वेगळा म्हणजे कसा?"

इतकी वर्षं थोरलीच्या हातात नांदलेलं जिभेवर येईना. "तू टाकत जा. मी सांगते."

धाकटी टाकायची. थोरली म्हणायची, "हं." नाहीतर, "अंहं." एवढीच शिकवणी. सासूनंही थोरलीच्या ओंजळीत एवढंच घातलं होतं.

काम करता करता थोरली गुणगुणायची,

कवच फोडुनी पिल्लू उजेडाला आलं
कुणी ना शिकवलं, तरी दाण्याला भुललं

"बघा," धाकटी म्हणायची, "त्याला न शिकवता येतं, मला शिकवूनही येत नाही. माझं डोकं पिल्लाहून लहान."

"चोच मात्र मोठी आहे."

असे पुष्कळ दिवस अंहं, अंहं, हं, अंहं. मग हं दाट होत गेले, दुधावर साय धरावी तसे. धाकटी टेम्पोच्या गप्पा मारत होती आणि हात आपला आपण डावी-उजवी करत होता. थोरलीचा जीव सुपाएवढा झाला. पण लगेच तिला जुनं आठवलं. सासूचे गुडघे दुखत होते तेव्हा थोरलीही या स्टुलावर चार दिवसांसाठीच बसली होती. हात बसला, आणि मग तिला कुणी उठू दिलं नाही. हिला तरी कोण उठू देईल?

त्या दिवसापासून थोरली खोटं बोलू लागली. बरोबर टाकलं की अंहं. चुकलं की हं.

धाकटी गोंधळली. पिल्लं दोनदोनदा उलटीपालटी करू लागली. एका दुपारी तिनं हातातलं पिल्लू थोरलीच्या नाकासमोर धरलं. "जाऊबाई, हा नर आहे. तुम्ही काहीही म्हणा."

थोरलीनं टोपलीतलं दुसरं पिल्लू उचललं.

"खरं सांगा. जावा जावा, उभा दावा? माझा हात तुमच्या डोळ्यांत खुपतो का?"

"तुझा हात बघून मला रडू येतं, वेडे." थोरलीनं आवाज खाली आणला. "मालकीण उद्या बघायला येणार आहे. तू मुद्दाम चूक. ढीगभर चूक. ती तुला हाकलून देईल."

"आणि तुमची लेक?"

"लेकीला दोन हात आहेत. बाळाला ती सांभाळेल. तू जा."

धाकटीला हे पटेना. तरी रात्रभर तळमळून तिनं सकाळी मान डोलावली.

मालकीण दाराला टेकून उभी राहिली. धाकटीनं पिल्लू उचललं. नर. आता याला डावीकडे टाकायचं, तिनं मनाला बजावलं. चुकीपायी एक जीवही वाचेल. पिल्लू उजवीकडे पडलं.

दुसरं. तिनं डोळे मिटले. अंगठा फिरला, आणि पिल्लू बरोबर आपल्या क्रेटात गेलं. ती मनातल्या मनात क्लच दाबू लागली, गिअर टाकू लागली. मन असं घाटात गेल्यावर हात उलट सुटाच झाला, सरसर चालू लागला.

"अगं, चूक ना," थोरली पुटपुटली.

"ऐकत नाहीये तो."

"कोण?"

"हात."

मालकीण हसली. "मला नर कळत नाही न् मादी कळत नाही. पण अडखळणारा हात कळतो. हा नाही अडखळत." तिनं थोरलीच्या खांद्यावर थोपटलं. "उद्याच्या गाडीनं निघा. नातवाला माझे आशीर्वाद सांगा." आणि ती गेली.

थोरली उभीच. पायांना दार दिसत होतं, पण पाऊल उचलत नव्हतं. "मी थांबते थोडे दिवस," ती म्हणाली. "काहीतरी काढू आपण. तुझा हात मोडला म्हणून सांगू."

"नका थांबू. दोघी अडकून काय मिळणार?" धाकटीनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. आत बोटं चाळवत होती. "बाळाचं नाव कळवा मला. आणि हे विसरायचं कसं, हे ठाऊक असलं तर ते सांगून जा."

नवी टोपली आली. आत चिवचिवाट उसळला. धाकटीनं मान वळवून भिंतीकडे बघितलं, आणि तशीच भिंतीकडे बघत असताना तिचा एक हात काखेतून बाहेर आला.